ओसाकातलं ऑपरेशन आणि सांगलीतले बाबा

वाचकाचं पत्र:

ताई, बाबा ६१ वर्षांचे. दिवाळीनंतर जेवण कमी झालं, दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणायचे, आम्ही गॅस म्हणून पॅन-डी देत राहिलो. चार महिन्यांत ९ किलो वजन उतरलं तेव्हा सांगलीत एन्डोस्कोपी केली आणि पोटाचा कॅन्सर निघाला. रिपोर्टवर 'अँट्रम', 'इंटेस्टायनल टाइप' आणि 'एच. पायलोरी सीन' असं लिहिलंय. सीटीमध्ये गाठ जठराच्या भिंतीच्या बाहेरच्या थरापर्यंत गेलेली दिसते, जवळचे काही लिम्फ नोड मोठे आहेत, लिव्हर-फुप्फुस क्लिअर. मुंबईच्या डॉक्टरांनी फ्लॉट नावाच्या केमोच्या ४ फेऱ्या, मग ऑपरेशन, मग परत ४ असं सांगितलंय. माझा चुलतभाऊ ओसाकात असतो. तो म्हणतो, तिकडे आधी ऑपरेशन करतात, त्याच्या ऑफिसातल्या एकाच्या वडिलांचं दोन आठवड्यांत झालं, नंतर फक्त गोळ्या, आणि ७०-७५ टक्के लोक पाच वर्षांनंतरही ठणठणीत असतात. हे लोक केमोत वेळ घालवतायत, गाठ वाढेल, असं त्याचं म्हणणं. आत्या म्हणते बायोप्सीचा चिमटा लावला तिथेच चुकलं. आई रोज रडते, माझ्या तिखट हातानेच झालं म्हणते. मला आणि भावाला पण होईल का? मंगळवारी ओपीडी आहे, काय विचारू तेच कळत नाहीये. - काळजीत पडलेली लेक, सांगली

अगं, पहिलं म्हणजे त्या ओसाकातल्या दादावर चिडू नको. लांब राहणाऱ्या माणसाला हाताने काही करता येत नाही, मग तो आकडे पाठवतो. आमच्याही घरात असा एक जण होता, आणि खरं सांगायचं तर ती मीच. माझ्या मामाला हाच आजार निघाला तेव्हा मी नुकतीच पॅथॉलॉजी करून बाहेर पडलेले, सगळं कळतं असं वाटायचं वय. लायब्ररीतून एका जपानी पेपरची झेरॉक्स काढून मामीच्या हातात ठेवली, बघ किती लोक बरे होतात म्हणून. मामीने ती देवघरात ठेवली. दीड वर्षाने मामा गेले आणि मामीने मला एकच विचारलं, "मग त्या कागदावर खोटं छापलं होतं का गं?" मी गप्प. कागद खरा होता गं, फक्त त्यातले पेशंट आणि माझा मामा यांच्यात आजाराचं नाव सोडलं तर फार काही सारखं नव्हतं, आणि हे मला नीट समजायला पुढची दहा वर्षं मायक्रोस्कोपवर बसावं लागलं.

तुझ्या दादाचा आकडा असाच आहे. तो ऐकीव नाही, कोरियात तर पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण ७५ टक्क्यांच्या वर आहे, आणि अमेरिकेत तेच साधारण ३६ टक्के. आता अमेरिकेत काय सर्जन नाहीत की औषधं नाहीत? मग एवढा फरक येतो कुठून ते बघू, कारण त्यातच तुझ्या "आधी केमो का" चं उत्तर आहे.

जपानात १९६० च्या दशकापासून गाड्या फिरवून लोकांना बेरियम पाजून पोटाचे एक्सरे काढायचे, आता पन्नाशीनंतर एन्डोस्कोपी पण करतात. कोरियात १९९९ पासून सरकारी तपासणी आहे, चाळिशी झाली की दर दोन वर्षांनी. माणसाला काही त्रास नसताना, ऑफिसला जात असताना, नखाएवढा डाग सापडतो. तिकडचे निम्म्याहून जास्त कॅन्सर असे लवकर सापडलेले असतात, त्यातले कित्येक तर एन्डोस्कोपीच्या नळीतूनच सोलून काढतात, पोट कापतच नाहीत. दादाच्या ऑफिसातल्या त्या माणसाचे वडील कुठल्या स्टेजला होते हे त्याने विचारलं का? मला वाटत नाही. आपल्याकडे अशी तपासणी नाही आणि खरं तर परवडणारही नाही, कारण जपान-कोरियात वर्षाला दर लाख माणसांत साधारण २७ जणांना हा आजार होतो आणि भारतात पाचेक जणांना, मग सरसकट सगळ्यांना नळी घालायची कशी. त्यामुळे आपल्याकडचा पेशंट येतो तो बाबांसारखा, वजन उतरल्यावर.

दुसरी गोष्ट जरा माझ्या धंद्यातली आहे, ऐकून गंमत वाटेल. कॅन्सर कशाला म्हणायचं यावरच जपानी आणि पाश्चात्त्य पॅथॉलॉजिस्टांचं बरीच वर्षं जमत नव्हतं. पेशी वेड्यावाकड्या झाल्यात पण अजून आपल्या थराची सीमा ओलांडून खाली उतरलेल्या नाहीत, अशी स्लाइड दाखवली की जपानी म्हणणार कॅन्सर आणि युरोप-अमेरिकेतले म्हणणार नाही, हा हाय ग्रेड डिस्प्लेझिया, म्हणजे कॅन्सरच्या अलीकडची पायरी. १९९७ मध्ये दोन्हीकडच्या तज्ज्ञांना त्याच त्याच स्लाइड देऊन बघितलं तर हाच घोळ समोर आला, आणि मग व्हिएन्नाला बसून एक सामाईक भाषा ठरवावी लागली. आता विचार कर, जे पेशंट तिकडे "कॅन्सर" म्हणून मोजले जातात आणि जवळपास सगळे बरे होतात, ते इकडे कॅन्सरच्या यादीत येतच नाहीत. टक्केवारी वर जाणारच ना.

आणि लिम्फ नोड, म्हणजे जठराजवळच्या छोट्या ग्रंथी, कॅन्सर पसरताना बहुधा आधी तिथे पोचतो. ऑपरेशन झालं की जठर आणि त्याला लटकलेली चरबी बादलीतून आमच्याकडे येते. ती पिवळी चरबी बोटांनी चाचपत चाचपत नोड शोधायचे असतात, काही मटाराच्या दाण्याएवढे, काही मोहरीएवढे, कंटाळवाणं काम, कमरेचा काटा ढिला होतो, आणि नवीन पोरगा घाईत असला की ७-८ सापडले म्हणून थांबतो. आता समज एका पेशंटचे ७ नोड बघितले आणि एकात कॅन्सर निघाला, तर त्याची स्टेज हलकी लागते. त्याच पेशंटचे जपानात ४० बघितले असते तर आठांमध्ये निघाला असता आणि स्टेज वर गेली असती. म्हणजे आपली "स्टेज दोन" कधीकधी नुसती कागदावरची असते, तिकडची स्टेज दोन खरोखर दोन असते. मग दोन्हीकडच्या "स्टेज दोन" ची तुलना केली तर जपान पुढे दिसणारच, निम्मं काम मोजणीनेच केलेलं असतं. (म्हणून ऑपरेशननंतरच्या रिपोर्टवर नोड किती तपासले हा आकडा बघ. १५-१६ च्या खाली असेल तर सर्जनला विचार, लाजू नको.)

सर्जरीतही फरक आहे आणि तो मान्य करायला हवा. जठराच्या भोवतीचे नोडच नाहीत तर रक्तवाहिन्यांच्या कडेकडेचे दुसऱ्या फळीतले पण काढायचे, याला डी-टू म्हणतात, ही जपान्यांची देणगी. डच लोकांनी १९९० च्या दशकात ती त्यांच्या देशात करून बघितली तर डी-टू झालेल्या १०० पैकी १० पेशंट ऑपरेशननंतर हॉस्पिटलमध्येच गेले, साध्या ऑपरेशनमध्ये ४. आणि जपानात त्याहून मोठ्या ऑपरेशनच्या ट्रायलमध्ये हाच आकडा एक टक्क्याच्या आत होता! डचांचा हात बसलेला नव्हता, स्वादुपिंडाचं शेपूट आणि प्लीहा पण काढत होते. पण गंमत म्हणजे १५ वर्षांनी त्याच डच पेशंटांचा हिशोब मांडला तेव्हा डी-टूवाल्यांमध्ये कॅन्सरने गेलेले कमी निघाले. तर ऑपरेशन चांगलं, करणारा हात सरावाचा हवा. म्हणून मंगळवारी सर्जनला विचार, डी-टू करणार ना, आणि वर्षाला अशी किती करता. चांगला सर्जन या प्रश्नाला रागावत नाही.

आता दादाची "फक्त गोळ्या". त्या गोळीचं नाव एस-वन. जपानात १०५९ पेशंटवर ट्रायल झाली, २००७ मध्ये छापून आली: आधी डी-टू ऑपरेशन, मग वर्षभर एस-वन. पाच वर्षांनी गोळी घेतलेले ७१.७ टक्के हयात आणि नुसतं ऑपरेशन झालेले ६१.१ टक्के. बघ, गोळीने दहा टक्के वाढवले, पण गोळीशिवायसुद्धा ६१ होते, ते सगळं वर सांगितलेल्या गोष्टींचं. आणि ही गोळी पोटात गेल्यावर लिव्हरमधलं एक एन्झाइम तिचं खऱ्या औषधात, म्हणजे ५-एफयूमध्ये रूपांतर करतं. पूर्व आशियातल्या बऱ्याच लोकांमध्ये ते एन्झाइम जन्मतः मंद असतं, त्यामुळे त्यांना मोठा डोस झेपतो. गोऱ्या लोकांना तोच डोस दिला तर जुलाबांनी हैराण, म्हणून पाश्चात्त्य देशांतल्या ट्रायलमध्ये शरीराच्या चौरस मीटरमागे ४० ऐवजी २५ मिलिग्रॅमवर यावं लागलं. गोळी तीच, कंपनी तीच. आणि मग त्या कमी डोसच्या निकालावर जपानी निकाल कसा चिकटवणार?

बरं, फ्लॉट कुठून आली. ही जर्मनीची. तिकडचे पेशंट आपल्यासारखेच, उशिरा येणारे, भिंत ओलांडलेले. त्यांचा अनुभव असा की ऑपरेशन झाल्यावर माणूस इतका खंगतो की केमो पूर्ण होत नाही, मग जी काही ताकद आहे ती आधीच का वापरू नये. २०१९ च्या त्यांच्या ट्रायलमध्ये ऑपरेशनच्या आधीच्या चारही केमो ९० टक्के लोकांनी पूर्ण केल्या आणि आठच्या आठ पूर्ण करणारे निम्म्याहून कमी निघाले. यातच सगळं आलं. बाबांचं ९ किलो वजन गेलंय, जठर काढल्यावर आणखी जाणार, तेव्हा केमोचा मोठा वाटा आधी पदरात पाडून घेणं हा शहाणपणा आहे, वेळकाढूपणा नाही. या ट्रायलमध्ये जुन्या केमोवर निम्मे पेशंट ३५ महिने जगले होते, फ्लॉटवर ५०. शिवाय डोळ्याला न दिसणाऱ्या पेशी जर इकडेतिकडे गेल्या असतील तर त्यांना पहिल्या दिवसापासून औषध मिळतं. दोन महिन्यांत गाठ वाढेल ही भीती मला कळते, पण म्हणून तर मध्ये सीटी करतात. आणि दादाला हे पण सांग की गाठ भिंतीबाहेर गेली असेल तर आता कोरिया आणि चीनमध्येसुद्धा आधी केमो देऊन बघितली गेलीय आणि निकाल चांगले आलेत. म्हणजे तिकडेही बाबांसारख्या पेशंटला थेट टेबलावरच घेतलं असतं असं काही नाही.

इथपर्यंत झालं ते डॉक्टरांचं आणि मोजणीचं. पण आजारसुद्धा सगळीकडे एकसारखा नाहीये, आणि हे मला स्वतःला सगळ्यात जास्त खेचून घेतं, तेव्हा थोडं वाहवत गेले तर सांभाळून घे.

बाबांच्या रिपोर्टवर एच. पायलोरी लिहिलंय. वाकडा-तिकडा मळसूत्रासारखा जंतू, जठराच्या आम्लात मजेत राहतो. याच्यामुळे जठराला सूज येते हे पटवायला बॅरी मार्शल नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९८४ मध्ये तो जंतू चक्क पिऊन दाखवला, पुढे २००५ मध्ये त्याला आणि रॉबिन वॉरनला नोबेल मिळालं. पोटाच्या कॅन्सरचं हे सगळ्यात मोठं कारण. पण मग आपल्याकडे तर घरोघरी हा जंतू, निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या पोटात, तरी कॅन्सर कमी आणि जपानात जास्त, हे कसं? एक कारण जंतूतच आहे. तो जठराच्या पेशीत सुई खुपसल्यासारखं कॅग-ए नावाचं प्रोटीन सोडतो. पूर्व आशियातल्या जंतूचं कॅग-ए पेशीच्या आतल्या वाढीच्या बटणाला घट्ट चिकटतं, युरोपातल्या आणि आपल्याकडच्या जंतूचं बहुतेक वेळा त्यामानाने सैल. जपानातल्या जपानात ओकिनावाला हा सैल प्रकार जास्त सापडतो आणि तिथे पोटाचा कॅन्सरही कमी.

आणि हा हिशोब नुसत्या जंतूवर संपत नाही. कोलंबियात तुकेरेस हे डोंगरातलं गाव आणि तुमाको हे समुद्रकाठचं. अंतर फार नाही, दोन्हीकडे ९० टक्के लोकांच्या पोटात जंतू, पण डोंगरावर पोटाचा कॅन्सर साधारण २५ पट. काठावरचे लोक मुख्यतः आफ्रिकन वंशाचे, त्यांच्या पोटातला जंतूही बराचसा आफ्रिकन, पिढ्यान् पिढ्या एकत्र राहिलेले, भांडण नाही. डोंगरातल्या मूळ अमेरिकन रक्ताच्या लोकांच्या पोटात मात्र बाहेरून आलेला परका जंतू. २०१४ मध्ये दोघांचे जीन्स शेजारी ठेवून बघितले तेव्हा असं दिसलं की यजमान आणि पाहुणा यांचं कूळ जितकं बेमेल तितकी जठराची नासाडी जास्त. वंशाला नुसती नावं ठेवून काय होणार, जोडी बघावी लागते.

पण खाणं-पिणं आणि धूर पण आहेच. आपल्या देशात हा आजार सगळ्यात जास्त मिझोराममध्ये, ऐझॉलला. तिथे धुरावर वाळवलेलं मांस, डुकराच्या चरबीचं आंबवलेलं सा-उम, आणि तुइबुर, म्हणजे तंबाखूचा धूर पाण्यातून सोडून ते पाणी तोंडात धरायचं. जपानातून हवाईला गेलेल्यांच्या मुला-नातवंडांत हा आजार कमी कमी होत गेला, रक्त तेच असून. तेव्हा आईला सांग, तिखटाने पोटाचा कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाहीये, तसं असतं तर कोल्हापूर-सांगली रिकामी झाली असती. शंका असलीच तर अति मीठ, खारवलेलं, आणि विडी-सिगारेट. बाबा ओढायचे का हे तू लिहिलं नाहीस, ओढत असतील तर ऑपरेशनच्या आधी बंद, आजपासून.

आता एक गोष्ट जी तुला वाचायला जड जाईल, पण बाबांच्या स्टेजची नाहीये हे आधी सांगते, ती पसरलेल्या आजाराची आहे. बेव्हासिझुमॅब नावाचं औषध जगभरातल्या ७७४ पेशंटवर वापरून बघितलं, निकाल २०११ मध्ये आला. एकूण हिशोबात औषध नापास. पण खंड वेगळे काढले तर उत्तर-दक्षिण अमेरिकेत नुसत्या केमोवर निम्मे पेशंट ६.८ महिने, औषध जोडून ११.५. आशियात नुसत्या केमोवरच १२.१ आणि औषध जोडून १३.९. म्हणजे आशियात औषध न मिळालेले पेशंट अमेरिकेत औषध मिळालेल्यांपेक्षा जास्त जगले! आशियात पहिली केमो थकल्यावर दोन-तृतीयांश पेशंटना पुढची केमो मिळत होती, तिकडे पाचातल्या एकाला, हे त्यातलं एक कारण. तेव्हापासून पोटाच्या कॅन्सरची कुठलीही ट्रायल वाचताना मी आधी बघते पेशंट कुठले होते, आणि तू पण दादाने पुढची लिंक पाठवली की तेच बघ.

पण देश बघून झाला की शेवटी गाठ कुठली हे बघायचं असतं. मी स्लाइडवर दोन चेहरे बघते. एका प्रकारात पेशी नळ्या-नळ्या करून बसतात, आतड्यासारख्या, हा इंटेस्टायनल, बाबांचा. दुसऱ्यात पेशी सुट्या सुट्या, पोटात चिकट पाण्याचा थेंब आणि केंद्रक एका कडेला ढकललेलं, खड्याच्या अंगठीसारखं, म्हणून सिग्नेट रिंग, हा डिफ्यूज. १९६५ मध्ये फिनलंडच्या लाउरेनने ही वाटणी केली आणि अजून चालतेय. पहिला जंतू-मीठ-वय या वाटेने, वर्षानुवर्षांच्या सुजेतून येतो, दुसरा तरुणांतही दिसतो आणि कधी घराण्यातून. २०१४ मध्ये अमेरिकेच्या मोठ्या जीनोम प्रकल्पाने चार कप्पे केले, आणि त्यातला एक तुझ्यासाठी महत्त्वाचा: एमएसआय-हाय. या गाठींत डीएनए दुरुस्त करणारी टीम बंद पडलेली असते. जठराच्या खालच्या भागातल्या, म्हणजे अँट्रमच्या, इंटेस्टायनल प्रकारच्या गाठीत आणि वय वाढलेल्या माणसांत हा जास्त सापडतो. बाबा या वर्णनात बसतात. असा निघेलच असं नाही, लवकरच्या स्टेजला दहातल्या एखाद्याचा निघतो. पण निघाला तर गणित बदलतं, कारण या गाठींवर नेहमीच्या केमोचा उपयोग शंकास्पद आहे आणि इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं औषध, जबरदस्त चालते. फ्रान्समध्ये अशा ३२ पेशंटना ऑपरेशनआधी फक्त इम्युनोथेरपी दिली, २९ जणांचं ऑपरेशन झालं आणि त्यातल्या १७ जणांच्या काढलेल्या जठरात कॅन्सरची एक पेशी सापडली नाही. छोटी ट्रायल आहे, पण असं मी आमच्या धंद्यात फार कमी वेळा वाचलंय.

तर मंगळवारचा पहिला प्रश्न हाच: "डॉक्टर, बायोप्सीवर एमएमआर केलंय का?" पहिल्या केमोच्या आधी. डीएनए दुरुस्त करणाऱ्या त्याच टीमच्या चार प्रोटीनचे डाग लावून बघायची ही टेस्ट, गाठ एमएसआय-हाय आहे का ते यातून कळतं; ओघाने हर-टू नावाच्या आणखी एका प्रोटीनची पण होऊन जाईल. पीडी-एल-वन आणि क्लॉडिन (ज्याच्यावरचं औषध जपानने २०२४ मध्ये सगळ्यांच्या आधी मंजूर केलं) या आणखी दोन प्रोटीनच्या टेस्ट मुख्यतः पसरलेल्या आजारासाठी, त्यामागे आत्ता धावू नको.

दुसरं, फ्लॉटमध्ये ५-एफयू आहे आणि काही लोकांना ते शरीराबाहेर टाकता येत नाही. त्यासाठी डीपीवायडी नावाची जीन टेस्ट असते, डॉक्टरांना विचार, पण ती ज्या चार-पाच बदलांवर बेतलीय ते मुख्यतः युरोपियन लोकांत सापडलेले, म्हणून नॉर्मल आली तरी निर्धास्त राहायचं नाही. पहिल्या केमोनंतर तोंड भरून फोड आले किंवा जुलाब थांबत नसतील तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन. रात्री दोनला असलं तरी.

तुम्हा भावंडांचं. थेट घराण्यातून येणारा प्रकार आहे, न्यूझीलंडच्या एका माओरी कुटुंबात पिढ्यान् पिढ्या तरुण माणसं जात होती, १९९८ मध्ये त्यामागचा सीडीएच-वन जीन सापडला. पण तो डिफ्यूज प्रकार, बाबांचा तो नाही, घरात दुसरं कोणी नसेल तर त्या वाटेला जाऊ नको. (एमएमआर बिघडलेलं निघालं तर मात्र जेनेटिक्सवाल्यांना एकदा भेटा.) तुम्ही करायचं ते साधं आहे: दोघांनी एच. पायलोरीची श्वासाची किंवा शौचाची टेस्ट. कोरियात पोटाच्या कॅन्सरच्या पेशंटच्या आईवडील-भावंडं-मुलांवर ट्रायल झाली, १६७६ जण, जंतूचं औषध घेतलेल्यांत साधारण नऊ वर्षांत १.२ टक्क्यांना कॅन्सर झाला, न घेतलेल्यांत २.७. तिकडचा आकडा आहे, आपल्याकडे फायदा त्याहून लहान असेल, तरी दोन आठवड्यांच्या गोळ्यांत मिळतोय तर घ्यावा. तुम्ही पण घेत असाल तर टेस्टच्या आधी दोन आठवडे ती पॅन-डी बंद, नाहीतर जंतू असून नाही दिसत. आणि मेडिकलवाल्याकडून किट आणून खाऊ नका, आपल्याकडचा जंतू बऱ्याच अँटिबायोटिकना भीक घालत नाही, डॉक्टरने लिहून दिलेलाच कोर्स पूर्ण करायचा.

आत्यांना सांग चिमट्याने कॅन्सर पसरत नाही, चिमट्याशिवाय बाबांच्या गाठीचं नावसुद्धा कळलं नसतं. आणि आईला काम दे. बाबांना तीन मोठी ताटं नकोत, दर दोन तासांनी वाटीभर, नाचणीची पेज, मऊ मुगाची खिचडी तूप घालून, अंडं चालत असेल तर अंडं, आणि दर सोमवारी वजन वहीत लिहायचं, ते ऑपरेशनपर्यंत उतरू द्यायचं नाही. रडायला वेळ उरणार नाही असं नाही, पण हात चालत राहिले की माणसाला बरं वाटतं. गिळलेलं खाली उतरतच नसेल, उलटी होत असेल, तर आहारतज्ज्ञाला आणि सर्जनला तेव्हाच सांगा, नळीने खायला घालायची सोय असते.

आणि एक, उद्याच कर. सांगलीच्या ज्या लॅबने बायोप्सी वाचली तिथे जाऊन ब्लॉक माग, स्लाइड नव्हे, ब्लॉक, मेणाचा छोटा चौकोन असतो आणि त्यात बाबांच्या गाठीचा तुकडा. एमएमआर त्याच्यावरच होणार, मुंबईवाले मंगळवारी मागणारच आणि तेव्हा तुम्ही परत सांगलीला फेरा माराल. लेखी अर्ज दे, नेल्याची सही कर, ब्लॉकचा नंबर रिपोर्टशी जुळतोय ना बघून घे. छोट्या डबीत कापसात ठेव आणि गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नको हं, मेण आहे ते.